बंड्याचं बाळकडू

०.१२ मिलिलिटर म्हणजे किती, हे मला आता डोळे मिटून सांगता येतं. जेमतेम तीन थेंब. औषधाचे ते तीन थेंब ११८ ग्रॅम वजनाच्या एका प्राण्याच्या पोटात घालायला पहिल्या दिवशी मला पंचावन्न मिनिटं लागली. त्यातला एक माझ्या चष्म्यावर उडाला, एक पडद्यावर, आणि तिसरा बहुधा नवऱ्याच्या चहात.

प्राणी म्हणजे बंड्या. तो माझा नाही, लेकाचा. 'व्हेल्ड कॅमेलियन' म्हणतात सरड्याच्या या जातीला. डोक्यावर शिरपेचासारखा उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे, प्रत्येक डोळा आपापल्या मर्जीनं फिरणारा. जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य कोपऱ्यातली, पण ही स्वारी इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतच एका ब्रीडरकडे अंड्यातून बाहेर आलेली. लेकानं शाळेच्या शेवटच्या वर्षी स्वतःच्या पैशानं आणला. कॉलेजच्या डॉर्ममध्ये पाळीव प्राणी चालत नाहीत हे त्याला म्हणे प्रवेश मिळाल्यावर कळलं. "आई, फक्त दोन सेमिस्टर," असं सांगून गेला, त्याला आता तिसरं सुरू आहे.

माझी आई तेव्हा रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. पिंजऱ्याशी उभी राहून तिनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "अगो, हा तर घोयरा!" अगदीच चूक नाही. आपल्याकडचा घोयरा सरडा याचा चुलतभाऊच. आईच्या लहानपणी घोयरा दिसला की पोरं दगड घेऊन धावायची. आता त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि तो घरात ठेवणं गुन्हा आहे. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "तिथे गुन्हा, आणि इथे तुम्ही डॉलर मोजून आणलात."

आजाराचं कारण बहुतेक मीच. नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे जातात. बंड्याच्या पिंजऱ्यात पाण्याचा बारीक फवारा उडतो, त्याला खुंट्यांचा टायमर आहे. तो जुळवताना मी दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांची गल्लत केली. त्यामुळे दहा-बारा दिवस हा बिचारा दिवसा कोरडा आणि रात्री त्या गार खोलीत चिंब भिजून झोपत होता. पुढे डॉक्टरांनी सगळं खापर टायमरवर फोडलं नाही, पण मी आपलं स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं.

पहिल्यांदा खटकलं ते त्याचं झोपणं. सकाळचे अकरा, वरचा दिवा लख्ख, आणि बंड्या डोळे मिटून. कॅमेलियन भरदिवसा डोळे मिटून बसला की काहीतरी बिनसलंय असं समजायचं, हे लेकानं मला बजावून ठेवलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर मान वर ताणलेली, तोंड किंचित उघडं, आणि प्रत्येक श्वासाला बॉलपेनचं बटण दाबावं तसा 'टिक' आवाज. तोंडाच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखा एक बुडबुडा. तो फुटला, पुन्हा आला.

सरड्याला बघणारे डॉक्टर प्रत्येक गल्लीत नसतात. आमच्या नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यानं फोनवरच हात वर केले. शेवटी तासाभराच्या अंतरावर एक डॉक्टरीणबाई सापडल्या. एक्स-रे झाला, तोंडातला चिकट स्राव तपासायला घेतला, आम्ही डबीतून नेलेली विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली गेली. फुप्फुसात जंतुसंसर्ग, वर पोटात पिनवर्म. जंतांचं नंतर बघू, अंगात जरा ताकद येऊ दे, म्हणाल्या. आधी एन्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे अँटिबायोटिक. पहिला डोस त्यांनी इंजेक्शननं दिला. पण हे इंजेक्शन झोंबतं आणि वारंवार टोचलं तर त्या जागचं मांस खराब होऊ शकतं, म्हणून पुढचे एकवीस दिवस रोज एकदा तोंडावाटे.

"तोंडावाटे म्हणजे कसं?" मी विचारलं.

त्यांनी बंड्याच्या हनुवटीखालची सैल कातडी दोन बोटांत हलकेच धरून खाली ओढली. तोंड उघडलं, दुसऱ्या हातातल्या बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या आत पाण्याचे दोन थेंब सोडले, तोंड मिटलं. दहा सेकंद लागले असतील. मग त्यांनी जे सांगितलं ते मी गाडीत बसल्या बसल्या फोनवर लिहून घेतलं. सरड्याच्या श्वासनळीचं तोंड घशात खोल नसतं, ते तोंडातच, जिभेच्या मुळाशी उघडतं. सिरिंज समोरून मधोमध धरून दाबली तर औषध फुप्फुसात जाणार, आणि तेही आधीच आजारी असलेल्या. म्हणून बाजूनं सोडायचं, एकेक थेंब, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जबडा चमच्यानं वगैरे उचकटायचा नाही. दात हाडालाच जोडलेले असतात, एकदा गेले की परत येत नाहीत. औषध द्यायच्या आधी तासभर त्याला दिव्याखाली तापू द्यायचं, कारण हा प्राणी बाहेरच्या उबेवर चालतो, अंग गार असेल तर औषधही धड लागू पडत नाही आणि त्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही पेंगते. आणि पाणी भरपूर, मूत्रपिंडांसाठी.

औषध तयार करून देणाऱ्या फार्मसीतून संध्याकाळी फोन आला. मुलीनं विचारलं, फ्लेवर कुठला हवा? चिकन, ट्यूना की बबलगम? मी म्हटलं, पेशंट किडे खातो. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, मग साधंच देते.

साधं म्हणजे कडू. सिरिंजच्या टोकाला मी जीभ लावून पाहिली. असं करू नये, पण केलं. कडुनिंब परवडला.

पहिल्या दिवशीचं वर्णन वर आलंच आहे. मी बंड्याला वरून उचलायला गेले आणि तिथेच सगळं बिघडलं. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारा पक्षी. हिरवा बंड्या बघता बघता काळपट झाला, पट्टे गडद, अंग दोन्ही बाजूंनी दाबून पानासारखं चपटं केलेलं. लोकांना वाटतं सरडा पाठीमागच्या रंगात मिसळायला रंग बदलतो. आमचा पांढऱ्या भिंतीपुढे कोळशासारखा झाला. त्याचा रंग म्हणजे त्याचा मूड आणि त्याचं तापमान, भिंतीशी त्याला देणंघेणं नाही. मग तो सुटला आणि पडद्यावर चढला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याची पडद्याच्या दांडीपर्यंत. दांडीला त्यानं शेपटीचा वेढा घातला. कॅमेलियनच्या पावलाची बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली असतात, चिमट्यासारखी. तो चिमटा एकदा बसला की ओढून काढायचा नसतो, बोट दुखावतं. नवरा खुर्चीवर चढून एकेक पाऊल सोडवत होता. चौथं सुटेपर्यंत पहिलं पुन्हा पकडलेलं. व्हिडिओ कॉलवर लेक ओरडत होता, "खालून हात द्या, खालून! त्याला स्वतः चढू द्या!"

हनुवटीची कातडी ओढण्याचा प्रयोग मी केला. डॉक्टरीणबाईंच्या हातात ती कातडी होती, माझ्या हातात सारखी निसटत होती. तोंड उघडलं तेव्हा सिरिंज खाली ठेवलेली, सिरिंज हातात आली तेव्हा तोंड मिटलेलं. नेमकं किती पोटात गेलं ते देवाला ठाऊक. पुन्हा द्यावं का म्हणून दवाखान्यात फोन केला. उत्तर मिळालं, अंदाजानं पुन्हा देऊ नका, आजचा दिवस सोडून द्या, उद्या नव्यानं. हे उत्तर फोन न करता मला सुचलं नसतं. मी दुप्पट देऊन बसले असते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला युक्ती सुचली. औषध किड्यात भरायचं. हॉर्नवर्म नावाची एक गुबगुबीत, निळसर हिरवी अळी मिळते. अंगात बहुतेक पाणीच, आणि बंड्याची जीव की प्राण. इन्सुलिनच्या सुईनं नवऱ्यानं तिच्यात औषध टोचलं. अळीनं ते तितक्याच हिरव्या पाण्यासकट नवऱ्याच्या बोटांवर परत केलं. दुसरी अळी जरा टिकली. चिमट्यात धरून पुढे केली. बंड्याचे दोन्ही डोळे बरेच दिवसांनी एकाच दिशेला वळले, तोंडातून जिभेचं टोक डोकावलं, आणि फट्! ती जीभ त्याच्या अंगापेक्षा लांब जाते, डोळ्याला दिसतच नाही, चिमट्याला बसलेला झटका तेवढा कळतो. आम्ही एकमेकांना टाळी देणार तोच त्यानं दोनदा चावून अळी बाहेर टाकली. मग मान हलवत राहिला आणि माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. पुढचे चार दिवस त्यानं चिमट्यातून काही घेतलं नाही. आधीच भूक मेलेली, त्यात आम्ही त्याच्या लाडक्या खाण्यावरचा विश्वास घालवला. कुणी मला विचारलं तर मी सांगेन, आजारी कॅमेलियनच्या बाबतीत हा मार्ग शेवटी ठेवा. त्याच दिवशी वजन केलं, ११२ ग्रॅम.

वजनावरून आठवलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा बंड्यासाठी कामाला लागला, हे आईला कळलं तेव्हा घरात जवळजवळ सुतक होतं. "या काट्यावर आता चकलीची भाजणी मोजायची नाही." आईचं सोवळं आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं इथे जुळलं. सरडे वगैरे अंगावर साल्मोनेला बाळगू शकतात, त्याची भांडीकुंडी वेगळी ठेवा, हात साबणानं धुवा. नवा काटा आणला. जुन्यावर स्केचपेननं 'बंड्या' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मी हताश होऊन सिरिंज घेऊन बसले होते. आई शेजारी येऊन बसली, वाती वळत. म्हणाली, "तुला लहानपणी बोंडल्यानं पाजायची मी. तू काय सुखानं घ्यायचीस? मान धरली की तू निळी व्हायचीस."

"मग काय करायचीस?"

"आधी नुसतं कोमट पाणी ओठाला लावायचं. चाटायला लागलीस की त्याच नादात औषध. गालाच्या कडेनं. समोरून ओतलं की ठसका."

गालाच्या कडेनं! तासभर गाडी चालवून, चांगली घसघशीत फी भरून मी हेच ऐकून आले होते.

आमच्याकडे खिडकीत कुंडीतली जास्वंद आहे. गणपतीला फुलं हवीत म्हणून लावलेली. बंड्याच्या जातीला ती चालते, पानं-फुलं तो आवडीनं खातो. बंड्याला हात न लावता मी त्याच्यापुढे काठी धरली, तो आपणहून चढला, काठी कुंडीला टेकवली, तो जास्वंदीवर उतरला. दिव्याखाली तासभर तापलेला होताच. कॅमेलियन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही. पानावरचे थेंब पितो, पावसाचे, दवाचे. ड्रॉपरनं मी त्याच्या नाकाच्या जरा वर धरून एक थेंब सोडला. डोळा मिटला, उघडला. दुसरा थेंब वरच्या ओठावरून ओघळून तोंडाच्या कडेला गेला. तिसरा. मग गळ्याखाली काहीतरी हललं. तोंड रेषेएवढं उघडलं, टाळ्याची गुलाबी कड दिसली, आणि मिटलं. पुन्हा उघडलं. चघळल्यासारखं. पाणी पिताना तो अगदी विचारमग्न दिसतो, एखाद्या आजोबांनी पान लावावं तसा. मी हात न हलवता ड्रॉपर ठेवला, सिरिंज घेतली, तोंडाच्या कोपऱ्यात औषधाचा एक थेंब. गेला. लगेच पाण्याचे दोन थेंब. मग औषध. त्याला काहीतरी संशय आला, पण तोवर गळा हलला होता. पाणी. औषध. पाणी.

०.१२ संपलं. घड्याळात चौदा मिनिटं झाली होती. आई वाती वळतच होती.

फ्रिजवर मी तक्ता लावला. तारीख, वजन, दिलेलं औषध, सांडलेलं औषध, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात नवऱ्यानं 'पेशंट नाराज', 'पेशंट अत्यंत नाराज' असं लिहायला सुरुवात केली. आठव्या दिवशी टिक टिक कमी झाली. नाकाभोवती पांढरी खपली दिसली म्हणून मी घाबरले, वाटलं औषधच वाळून चिकटलंय. लेक म्हणाला, ते मीठ आहे, हे प्राणी जादा मीठ नाकावाटे टाकतात, नेहमीचंच आहे. दोन वर्षं घरात असलेल्या प्राण्याच्या नाकाकडे मी कधी धड पाहिलं नव्हतं.

थेंबांची युक्ती नऊ दिवस चालली. बाराव्या दिवशी बंड्याला कळलं. म्हणजे बरं वाटू लागलं आणि म्हणूनच कळलं. पाणी प्यायचा, सिरिंज दिसली की ओठ घट्ट. सिरिंजला मी हिरवी टेप गुंडाळली. त्याचा एक डोळा पाण्याकडे आणि दुसरा त्या टेपकडे. दीड तास बसले, ऑफिसची मीटिंग कानात घालून, कॅमेरा बंद.

त्या दिवशी मदतीला आली ती आईची साडी. तिच्याकडे एक जांभळी इरकल आहे, थंडी वाढली की तीच, वर स्वेटर. ती खोलीत काहीतरी शोधायला आली आणि बंड्या एकदम फुगला. गळा खाली सोडला, पट्टे उजळ पिवळे झाले, आणि जबडा सताड उघडून 'हिस्स्स'! आतलं सगळं दिसत होतं, जिभेचा मांसल गोळा, फिकट गुलाबी गाल. मी काही विचार केला नाही. सिरिंजचं टोक डाव्या गालाच्या आत, एक थेंब. त्यानं तोंड मिटलं, गिळलं, रागात पुन्हा उघडलं. दुसरा. तिसरा. अर्ध्या मिनिटात कार्यक्रम आटोपला.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"तू तिथेच उभी राहा. उद्यापण हीच साडी नेस."

डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं, रोज असं चिडवणं बरं का? त्या म्हणाल्या, रोज दीड तास छळण्यापेक्षा अर्धा मिनिट चिडू दे, फक्त थेंब बाजूलाच पडतोय ना बघा, आणि नंतर त्याला एकटं सोडा. उरलेले दिवस असंच चाललं. सकाळी साडेदहाला आई इरकल नेसून, अंबाडा घालून दारात उभी राहायची, नाटकातली एंट्री असावी तशी. मी पडद्याआड सिरिंज घेऊन. "येऊ का ग?" "ये." बंड्या तोंड वासायचा. एक दिवस साडी धुवायला टाकली होती तर आई निळी नेसून आली. बंड्यानं तिची दखलही घेतली नाही, मग ओली इरकल खांद्यावर टाकावी लागली. आईला या भूमिकेचा थोडा अभिमानही वाटू लागला होता. रत्नागिरीला फोनवर मावशीला सांगताना मी ऐकलं, "इथे मला पाहून घोयरा तोंड उघडतो. नाही गं, खात नाही. औषध घेतो."

एकविसावा डोस गेला तेव्हा वजन ११९ होतं. पुन्हा एक्स-रे, फुप्फुसं स्वच्छ. चिमट्यातली अळीही त्यानं परत घ्यायला सुरुवात केली, अर्थात आधी प्रत्येक अळीकडे बराच वेळ बघून. मग जंतांचं औषध, फेनबेंडाझोल. त्याच्या वजनाला ०.०६, म्हणजे एक मोठासा थेंब, आणि चौदा दिवसांनी तेवढंच पुन्हा, कारण पहिल्या डोसात अंडी मरत नाहीत. पहिला डोस आईच्या साक्षीनं झाला. दुसऱ्याच्या आधी तिचं परतीचं विमान होतं. इरकल अर्थात तिच्याबरोबर गेली.

चौदाव्या दिवशी सकाळी साडेदहाला मी कपाट धुंडाळून ओटीत आलेला एक जांभळा ब्लाउजपीस काढला. नवऱ्यानं तो पदरासारखा खांद्यावर घेतला आणि दारात येऊन उभा राहिला. "येऊ का ग?" असंही म्हणाला. बंड्यानं एक डोळा ब्लाउजपीसवर ठेवला, दुसरा माझ्या हातातल्या सिरिंजवर, आणि ढिम्म. नवरा दोन पावलं पुढे आला, मागे गेला, पदर हलवला. बंड्यानं डोळा फिरवून दिव्याकडे नेला.

"जा तू, तुझी मीटिंग आहे," मी म्हटलं.

काठी पुढे केली, तो चढला. जास्वंदीवर उतरला. मी कोमट पाण्याचा ड्रॉपर भरला, सिरिंज मांडीखाली लपवली आणि पहिला थेंब सोडला.